छतातला छोटा दिवा: मोटारीतील बिघाड शोधण्याच्या विद्येचा इतिहास

१/
मोटारीचे दार उघडावे आणि छतातला दिवा लागू नये, हा अगदी किरकोळ बिघाड. त्यामुळे गाडी अडत नाही, ब्रेक निकामी होत नाहीत, प्रवासही थांबत नाही. तरीही पाच वॉटच्या या दिव्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. समुद्रतळाशी मुक्या झालेल्या तारा, बर्मिंगहॅमचा एक कंदीलविक्रेता, कुर्ल्याचा मोटार कारखाना आणि दिल्लीतील एका आयोगाने ठोठावलेला अडीच हजार कोटींचा दंड, हे सारे त्या इतिहासाचे भाग आहेत. दिवा का लागत नाही, हे शोधून काढण्याचे ज्ञान कोठून आले आणि ते कोणाच्या हाती राहिले, याचा हा धागा.

२/
प्रारंभ लंडनमध्ये होतो. ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेवर चालणाऱ्या टॅक्सी तेथील रस्त्यांवर आल्या. काळा-पिवळा रंग आणि मोटारीचा गुणगुणता आवाज यांमुळे लोकांनी त्यांना ‘हमिंगबर्ड’ असे नाव दिले. मुंबईकरांना ओळखीचे वाटणारे हे रंग मुंबईच्या टॅक्सीपेक्षा कितीतरी आधी तेथे दिसले होते. गाडी चालवायला बॅटरी होतीच, त्यामुळे प्रवाशांच्या कक्षातही विजेचा दिवा होता. घोडागाडीच्या काळी धनिकाच्या पायापुढे कंदील धरायला नोकर लागे. येथे ते काम काचेच्या एका लहान गोळ्याकडे आले.

३/
हा प्रयोग दोन वर्षांतच आटोपला. बॅटऱ्या अतिशय जड होत्या, त्या वजनाने टायर लवकर झिजत आणि देखभालीचा खर्च परवडत नसे. १८९९ मध्ये या टॅक्सी बंद पडल्या. पेट्रोलच्या मोटारींनी बाजी मारली. परंतु त्यांच्यापाशी दिवे पेटवण्याइतकी वीज नव्हती. परिणामी मोटारगाडी पुढची दहा-पंधरा वर्षे ज्योतीच्या उजेडात धावली. पुढच्या दिव्यांसाठी कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी सोडून ॲसिटिलीन वायू तयार करत. महाराष्ट्रात आंबे पिकवण्यासाठी बदनाम झालेले कार्बाइड ते हेच.

४/
ज्योतीच्या दिव्याचा बिघाड डोळ्यांना दिसे आणि नाकाला कळे. नळी तुंबली, पाणी संपले, काजळी धरली किंवा वायू गळू लागला, तर चालकाला लगेच समजत असे. त्यासाठी कोणतेही शास्त्र शिकावे लागत नसे. विजेने ही सोय काढून घेतली. तारेतून प्रवाह वाहतो आहे की नाही, हे तारेकडे पाहून कळत नाही. तुटलेली तार कापडी किंवा रबरी आवरणाखाली अखंड दिसते. बिघाड अदृश्य झाला आणि त्याला शोधण्यासाठी तर्काची गरज निर्माण झाली.

५/
मोटारीत वीज स्थिरावण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली म्हणजे बल्बची तार. कार्बनची तंतुतार नाजूक होती, खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती तुटे आणि प्रवाहही फार खाई. १९०४ मध्ये टंगस्टनच्या तारेचे पेटंट नोंदवले गेले. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टन लवचीक करून त्याची बारीक तार ओढण्याची रीत सिद्ध केली. आता कमी विजेत अधिक उजेड देणारा आणि धक्के सोसणारा बल्ब मिळू लागला.

६/
दुसरी गोष्ट म्हणजे गाडीतच वीज निर्माण करण्याची सोय. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने एकसंध विद्युतव्यवस्था बसवली. एकच यंत्र आधी इंजिन फिरवून सुरू करी आणि मग त्याच इंजिनाच्या जोरावर बॅटरी भारी. दिव्यांनाही त्याच बॅटरीतून वीज मिळे. १९१३ मध्ये जर्मनीत बॉशने डायनॅमो, नियंत्रक, बॅटरी आणि दिवे असा संच विक्रीला आणला. वीज एकदा गाडीत नांदू लागल्यावर बंद छपराच्या मोटारीत आतला दिवा येणे स्वाभाविकच होते.

७/
येथे एक तांत्रिक निर्णय समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या शंभर वर्षांतील निम्म्या तक्रारी त्यातून आल्या. प्रत्येक दिव्याला दोन तारा लागतात, एक प्रवाह आणणारी आणि दुसरी परत नेणारी. मोटारीचा सांगाडा लोखंडाचा असल्याने परतीच्या तारेचे काम त्यालाच देण्यात आले. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले की दिव्याकडे एकच तार न्यावी लागे. तांबे वाचले, मजुरी वाचली. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात. मात्र परतीचा मार्ग आता तार राहिला नाही. तो लोखंड, स्क्रू, रंग आणि गंज यांच्या भरवशावर गेला.

८/
इंग्रजीत आतल्या दिव्याला ‘कर्टसी लाइट’, म्हणजे सौजन्याचा दिवा, म्हणतात. त्याची पारंपरिक रचना अशी. बॅटरीतून निघालेली तार फ्यूजमधून थेट बल्बपर्यंत येते. किल्ली लावलेली असो वा नसो, ती कायम ‘जिवंत’ असते. बल्बच्या दुसऱ्या टोकाची तार दाराच्या चौकटीतील एका लहान बटणापर्यंत जाते. दार बंद असताना ते दाबलेले राहते आणि मार्ग तुटलेला असतो. दार उघडताच स्प्रिंगने बटण बाहेर येते, तार सांगाड्याला टेकते आणि परिपथ पूर्ण होतो. म्हणजे बटण दिव्यापर्यंत वीज आणत नाही, ते तिला परतीची वाट मोकळी करून देते.

९/
बटण परतीच्या बाजूला ठेवण्यात शहाणपण होते. दाराजवळची तार सतत घासली जाते. ती जिवंत बाजूची असती, तर आवरण फाटून लोखंडाला टेकताच शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडाला असता. परतीच्या बाजूची तार लोखंडाला टेकली तर एवढेच होते की दिवा लागून राहतो. धोका टळतो, पण बॅटरी हळूहळू रिकामी होते. पाच वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी त्याने शंभर तासांत पूर्ण रिती होईल. इंजिन सुरू करण्याची ताकद त्याच्या बऱ्याच आधी संपलेली असते.

१०/
या रचनेतून बिघाड वाचण्याची एक लिपीच तयार झाली. उजवे दार उघडल्यावर दिवा लागतो आणि डावे उघडल्यावर लागत नाही, तर बल्ब, फ्यूज आणि जिवंत तार निर्दोष ठरतात. दोष डाव्या बटणात किंवा त्याच्या अर्थमध्ये. कोणत्याही दाराने लागत नाही, पण छतावरच्या स्विचने लागतो, तर दोष बटणांकडे जाणाऱ्या सामाईक तारेत. कशानेच लागत नाही, तर बल्ब, फ्यूज, तार या क्रमाने पाहायचे. मंद लागतो, तर कोठेतरी गंजलेला जोड प्रवाह अडवतो आहे. प्रत्येक लक्षण संशयितांची यादी लहान करते. या तर्काचा उगम मात्र मोटारीत झालेला नाही.

११/
तो समुद्राच्या तळाशी झाला. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेली पहिली टेलिग्राफ तार काही आठवड्यांतच मुकी झाली. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत तार टाकण्यात आली. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. लंडनशी जलद संपर्काची निकड १८५७ च्या उठावाने ब्रिटिश सरकारला पटली होती. पण तांबड्या समुद्राची ही तारही लवकरच निकामी झाली. सरकारने भागधारकांना परताव्याची हमी दिली होती; त्यामुळे तार मुकी होऊनही सार्वजनिक तिजोरीतून पैसे मोजावे लागले.

१२/
हजारो फूट पाण्याखाली बिघाड नेमका कोठे आहे? तार उचलून पाहणे अशक्यप्राय होते. १८६१ मध्ये ब्रिटनच्या संयुक्त चौकशी समितीचा विस्तृत अहवाल आला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युतरोधाचे प्रमाणभूत एकक ठरवण्यासाठी समिती नेमली. विल्यम थॉमसन यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचाही वाटा होता. गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम आता व्यापाराच्या गरजेचा झाला आणि त्या एककाला पुढे ओहम यांचेच नाव मिळाले.

१३/
युक्ती साधी होती. एका मैल तारेचा रोध किती, हे आधी ठाऊक असले, तर किनाऱ्यावर बसून एकूण रोध मोजता येतो आणि भागाकाराने बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधता येतो. तार मध्येच तुटली आहे की तिचे आवरण फाटून प्रवाह समुद्रात गळतो आहे, हेही मापनांतून ओळखू लागले. तुटणे, गळणे आणि जोड कमकुवत होणे, हे बिघाडाचे तीन प्रकार त्या काळी पक्के झाले. मोटारीच्या छतातला दिवा बिघडतो तेव्हा आजही याच तिघांपैकी एक कारण असते. समुद्राच्या जागी गाडीचे लोखंड आलेले असते, इतकेच.

१४/
टेलिग्राफची ही विद्या गॅरेजपर्यंत नेणारे साधनही त्याच वर्तुळातून आले. डोनाल्ड मॅकॅडी हे ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता. तेव्हा टेलिग्राफ आणि टेलिफोन दोन्ही पोस्ट खात्याकडे होते. दुरुस्तीला जाताना प्रवाह, दाब आणि रोध मोजण्याची वेगवेगळी उपकरणे वाहून नेण्याचा त्यांना वीट आला. तिन्ही कामे करणारे एकच उपकरण त्यांनी कल्पिले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘ॲव्होमीटर’ पडले आणि १९२३ मध्ये ते बाजारात आले. आजच्या मल्टिमीटरचा हा पूर्वज होय.

१५/
प्रत्येक गॅरेजला असे मीटर परवडणारे नव्हते. त्याचा गरिबाघरचा भाऊ म्हणजे टेस्ट लॅम्प: एक होल्डर, एक बल्ब आणि दोन तारा. एक तार गाडीच्या लोखंडाला धरायची आणि दुसरी संशयित टोकाला लावायची. बल्ब पेटला तर ‘लाइन येते आहे’. मग पहिली तार बॅटरीच्या जिवंत टोकाला धरून दुसरी संशयित अर्थला लावायची. बल्ब पेटला नाही तर ‘अर्थ मिळत नाही’. मराठी कानाला हे वाक्य वेगळेच ऐकू येते, पण गॅरेजमधल्या पिढ्यांनी विद्युतशास्त्र याच दोन वाक्यांतून आत्मसात केले. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलालाही या साधनाने बिघाडाचा माग काढता येई.

१६/
आता बर्मिंगहॅम. जोसेफ लुकस यांनी १८६० च्या आसपास रॉकेल आणि कंदील विकण्यापासून सुरुवात केली. सायकलच्या ‘किंग ऑफ द रोड’ दिव्याने त्यांच्या कारखान्याला नाव मिळाले. विसाव्या शतकात या कंपनीने एकामागून एक प्रतिस्पर्धी विकत घेतले. ब्रिटिश मोटारींचे दिवे, डायनॅमो, स्विच आणि तारा बहुतांशी तिच्याकडूनच येऊ लागल्या. १९६३ मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने वाहनांच्या विद्युतसामग्रीवर स्वतंत्र अहवाल दिला, इतके तिचे वर्चस्व होते. दिवे गेल्यावर चिडलेल्या मालकांनी कंपनीच्या संस्थापकाला विनोदाने ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली.

१७/
या विनोदात अन्याय आहे. जुन्या ब्रिटिश मोटारींतील पुष्कळसे बिघाड दमट हवेने गंजलेल्या जोडांचे आणि सैल झालेल्या अर्थचे असत. उलट, तारांच्या रंगांची शिस्तबद्ध लिपी ही या उद्योगाची मोठी देणगी होती. तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली पण कायम जिवंत, काळी म्हणजे अर्थ. जांभळ्या तारेवर पांढरी रेघ दिसली की ती आतल्या दिव्याकडून दाराच्या बटणाकडे जाणारी. इंग्रजी न वाचता येणारा कारागीरही ही लिपी वाचू शके. ज्ञान गाडीच्या अंगावरच लिहिलेले होते.

१८/
एक गोंधळ मात्र ब्रिटिश उद्योगाने दीर्घकाळ घातला. १९३० च्या दशकापासून त्यांच्या बहुतेक मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. गंज कमी होतो आणि ठिणगी चांगली पडते, अशी त्यामागची समजूत होती. बल्बला दिशेचे सोयरसुतक नसते, त्यामुळे आतला दिवा दोन्ही प्रकारांत सारखाच लागतो. पण ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले आणि चुकीच्या ध्रुवाला जोडलेले संच जळू लागले. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि अल्टरनेटर यांच्या आगमनानंतर १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश मोटारीही ऋण अर्थकडे वळल्या.

१९/
दिवा लागणे ही नेहमीच सुखाची गोष्ट नसते. आतला दिवा बाहेरच्याला आतला माणूस दाखवतो आणि चालकाला मात्र बाहेरचा रस्ता दिसेनासा करतो. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला आणि मोटारींच्या पुढच्या दिव्यांवर झाकणे बसली. रस्त्यांवरील मृत्यू १९३८ मधील ६,६४८ वरून १९४१ मध्ये ९,१६९ वर गेले. १९७१ च्या युद्धात मुंबईनेही ब्लॅकआउट अनुभवला. खिडक्यांना काळे कागद लागले आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवला गेला. त्या पिढीला अंधाराची शिस्त चांगलीच ठाऊक होती.

२०/
भारतात मोटार आली ती प्रथम आयात वस्तू म्हणून. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्यात कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर देशी उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या परदेशी कंपन्यांना येथे थांबणे कठीण झाले. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी जुळणी बंद केली. रस्त्यांवर उरल्या मुख्यतः कोलकात्याची ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्याची फियाट. हीच फियाट १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली.

२१/
संरक्षित बाजारपेठेचे दोष सर्वपरिचित आहेत. गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि सुधारणा होत नसत. पण तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. तीस-चाळीस वर्षे त्याच गाड्या रस्त्यावर राहिल्याने त्यांच्या बिघाडांचे ज्ञान समाजात खोलवर झिरपले. १९६१ मध्ये तामिळनाडूच्या टीव्हीएस समूहाबरोबर लुकसने लुकस-टीव्हीएस स्थापन केली आणि वाहनांचे विद्युतभाग देशातच बनू लागले. नाक्यानाक्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी दिसू लागली. पुस्तक नाही, नकाशा नाही. गाडीची सारी वायरिंग त्याच्या डोक्यात आणि हातात असे.

२२/
मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेने या ज्ञानाची रोज परीक्षा घेतली. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाच्या जोडांना सोडत नाही. दाराच्या रबरातून झिरपलेले पाणी चौकटीतल्या बटणापर्यंत पोहोचते, स्क्रूभोवती गंजाची कडी धरते आणि परतीची वाट बंद होते. बल्ब चांगला, फ्यूज चांगला, तरी दिवा नाही. जाणता कारागीर अशा वेळी नवा भाग विकत आणायला सांगत नसे. बटणाचा स्क्रू काढून, पॉलिश पेपरने लोखंड घासून आणि थोडे ग्रीस लावून तो बटण परत बसवी. दुरुस्तीचा खर्च म्हणजे त्याची मजुरी.

२३/
चित्र पालटले ते १९८० च्या दशकानंतर. गाडीत विजेची उपकरणे इतकी वाढली की तारांचा भारा अवजड झाला. १९८६ मध्ये बॉशने ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत जगापुढे मांडली. गाडीतील छोटे संगणक दोन तारांच्या जोडीवरून एकमेकांशी बोलू लागले. आता अनेक मोटारींत दाराचे बटण दिव्याला थेट जोडलेले नसते. ते कुलपाच्या आत दडलेले असते आणि फक्त ‘दार उघडले’ एवढा निरोप देते. दिवा लावायचा की नाही, किती वेळ ठेवायचा आणि हळूहळू कसा मंद करायचा, हे बॉडी कंट्रोल मोड्यूल नावाचा संगणक ठरवतो.

२४/
याचे लाभ खरे आहेत. रात्रभर दिवा राहून सकाळी बॅटरी बसणे हा जुना घात आता टळतो, कारण ठरावीक वेळानंतर संगणक स्वतःच दिवा बंद करतो. परंतु बिघाडाची लिपी बदलली. जुना बल्ब काढून एलईडी लावला, की संगणकाने तपासणीसाठी सोडलेल्या अत्यल्प प्रवाहावरही तो अंधूक मिणमिणत राहतो. बिघाड नसतानाही मालकाला तो बिघाड वाटतो. टेस्ट लॅम्पही येथे जपूनच वापरावा लागतो. जुन्या तारेत निर्धास्त लावलेला तो बल्ब नाजूक इलेक्ट्रॉनिक भागातून पेलवणार नाही इतका प्रवाह ओढू शकतो.

२५/
संगणकाला प्रश्न विचारायचा तर स्कॅनर हवा. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२ ही समान तपासणीव्यवस्था बंधनकारक झाली. मात्र तो कायदा धुराच्या प्रदूषणासाठी होता. इंजिनविषयीचे संकेत सर्वांना वाचता येतील असे ठेवण्यात आले; दारे, काचा आणि आतले दिवे यांचे पुष्कळसे संकेत प्रत्येक कंपनीने आपापल्या भाषेत ठेवले. रंगीत तारांची जी लिपी टपरीवरचा कारागीर वाचू शकत होता, तिच्या जागी परवान्याशिवाय न उघडणारी लिपी आली. दिवा तेवढाच राहिला, पण त्याच्या बिघाडाचे ज्ञान कुलपात गेले.

२६/
हा प्रश्न भारतात कायद्याच्या दारी पोहोचला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हाने दिली आणि वाद पुढे चालू राहिला. तरीही एक गोष्ट नोंदली गेली: दुरुस्तीचे ज्ञान रोखून धरणे हा स्पर्धेच्या कायद्याचा विषय होऊ शकतो.

२७/
अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रचंड बहुमताने मंजूर केला होता. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांचा युक्तिवादही ऐकून घ्यायला हवा. एअरबॅग आणि ब्रेक याच जाळ्यावर असतात. अपुऱ्या ज्ञानाने केलेली छेडछाड जीवघेणी ठरू शकते आणि चोरांनाही वाट मिळते. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो ब्रेकसाठी जितका लागू पडतो तितका छतातल्या पाच वॉटच्या दिव्यासाठी पडतो का, हाच वादाचा गाभा आहे.

२८/
ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा तिने पूर्ण केली होती. वर्तमानपत्रांनी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगाच्या आणि प्रशस्त मागच्या आसनाच्या आठवणी छापल्या. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट रस्त्यावरून गेली. दिवा गेलाच तर स्टँडवरच दार उघडून, बटण काढून, तार घासून ती पुन्हा बसवता येईल अशी ती गाडी होती. आपली रोजीरोटी ज्या यंत्रावर चालते ते यंत्र आपल्याला समजते, हा तिच्या चालकाचा अधिकार होता.

२९/
या इतिहासातून हाती येणारा क्रम आजही उपयोगी आहे. प्रथम छतावरचा स्विच ‘बंद’ वर सरकलेला नाही ना, हे पाहावे; कित्येक बिघाड येथेच संपतात. नंतर प्रत्येक दार स्वतंत्रपणे उघडून पाहावे. मग बल्ब, मग फ्यूज, मग बल्बपर्यंत येणारी वीज आणि शेवटी परतीची वाट. डॅशबोर्डवर ‘दार उघडे’ अशी खूण दिसत असेल, तर दाराचे बटण बहुधा शाबूत आहे आणि दोष पुढे शोधायचा. जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा नुसती तार कधीही लावू नये. गाड्यांना आगी लागतात त्या अशाने.

३०/
१८६१ मध्ये किनाऱ्यावर बसलेला टेलिग्राफ अभियंता आणि पावसाळ्यात दाराच्या चौकटीपाशी उकिडवा बसलेला मुंबईचा वायरमन यांचे काम एकच होते: न दिसणाऱ्या तारेला नेमका प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईल तसे एकेक कारण वगळत जायचे. अभियंत्यापाशी मोजमापे होती, वायरमनपाशी एक बल्ब आणि दोन तारा. दोघांनाही तारेपर्यंत पोहोचण्याची मुभा होती. पुढच्या काळातील दुरुस्तीचे कायदे ठरतील ते या मुभेवरच.

(समाप्त)